खोकल्याची रेकॉर्ड

मी शाळेत गेलो तो मध्य प्रदेशात, मॅट्रिक झालो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि बी.ए. झालो महाराष्ट्रात. घर एकच, दारही तेच. राज्यं बदलत गेली, मी अभ्यास करत राहिलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. त्या पदवीवर पहिलं काम कोणतं केलं, हे मात्र इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आता मामा राहिला नाही. मुंबईचा तो माणूसही बहुतेक राहिला नसेल. तेव्हा सांगून टाकतो. मी दोन उन्हाळे लोकांच्या लग्नांत खोकलो.

माझ्या सख्ख्या मामाकडं भोंगा होता. भोंगा म्हणजे लाउडस्पीकर, पण आमच्याकडं भोंगा म्हटलं की सगळंच आलं: अँप्लिफायर, माइक, मोटारची बॅटरी, चावी फिरवायचा फोनो आणि खोकंभर रेकॉर्डी. धामणगाव बढ्याच्या अलीकडं आमचं गाव, मलकापूरपासून सायकलनं तासाभरावर. या पट्ट्यात लग्न म्हटलं की मामा, आणि मामा म्हटला की मंगलाष्टकांची रेकॉर्ड. कारण आमच्या पाच-सहा गावांना लग्न लावणारे महाराज एकच, वैशाखात त्यांना एका दिवशी चार-चार लग्नं, आणि वरून दमा. अष्टक म्हणायला लागले की दुसऱ्या ओळीलाच त्यांच्या छातीत शिट्टी वाजायची. म्हणून पूजा, संकल्प, बाकी सगळं महाराज करायचे आणि अष्टकं रेकॉर्ड म्हणायची. जुन्या काळचे कुणी गवई होते, आवाज विहिरीतून आल्यासारखा. एका बाजूला चार अष्टकं. मग मामा रेकॉर्ड उलटायचा, सुई बदलायचा, चावी भरायचा, तोवर नवरा-नवरी अंतरपाटाआड ताटकळत. मग दुसऱ्या बाजूची चार.

या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटच्या अष्टकात, शेवटच्या ‘सावधान’च्या आधी, ते गवई खोकले होते. एकदाच. आधी बारीक खरखर, मग ‘खक्’.

आमच्याकडं अंतरपाट दोन मामा धरतात. एका टोकाला नवरीचा, दुसऱ्या टोकाला नवरदेवाचा. खोकला झाला की दोघं अंतरपाट सोडायचे, अक्षता पडायच्या, डफडं आणि सनई एकदम सुरू व्हायची. शेवटचं ‘सावधान’ त्या गलक्यात बुडून जायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. रेकॉर्ड इतकी वर्षं वाजत होती की हातांना सवय लागली होती. ‘लग्न खोकल्यावर लागतं’ असं कुणी कधी तोंडानं म्हटलंही नव्हतं, म्हणून माझ्यासारख्या शिकलेल्या माणसालाही ते कळलं नाही.

बी.ए. होऊन मी घरी बसलो होतो. अर्ज जात होते, उत्तरं येत नव्हती. त्या उन्हाळ्यात मलकापूरच्या स्टेशनाजवळ लॉजवर मुंबईचा एक माणूस येऊन उतरला. पन्नाशीचा, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशात भिंग. गावोगावच्या जुन्या रेकॉर्डी गोळा करायच्या आणि मुंबईच्या शौकीन लोकांना विकायच्या, हा त्याचा धंदा. त्याला वाट दाखवणारा हवा होता, सायकलवाला आणि लेबलावरचं इंग्रजी वाचणारा. चहाच्या दुकानावर त्याला कुणीतरी माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, “काम जमलं तर माझ्या दुकानात या. याद्या लिहायला माणूस हवाच आहे.” मुंबईत, खुर्चीवर बसून, याद्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच्या दारात उभा होतो.

त्यानं मला धंद्यातली एक गोष्ट शिकवली, ती मी अजून विसरलेलो नाही. रेकॉर्ड हातात आली की आधी वाजवायची नाही, आधी वाचायची. लेबलाच्या कडेला, रेघा संपतात तिथल्या काळ्या पट्टीत, बारीक आकडे कोरलेले असतात. शेवटचा आकडा एक असेल तर ते पहिल्या बैठकीचं गाणं. त्यात काही चूक राहिली असेल तर गवई पुन्हा गातो आणि तिथं दोन येतो. मग एकच्या रेकॉर्डी बंद होतात.

“जग दोनचं ऐकतं,” तो म्हणायचा. “मी एकच्या शोधात असतो.”

“म्हणजे चुकीची रेकॉर्ड महाग?”

“चूक दुर्मिळ असते.”

कॉलेजात चार वर्षं चूक काढायला शिकलो होतो. चूक विकतात हे नवीन होतं.

आम्ही गावं पालथी घातली. एका घरी रेकॉर्ड ताकाच्या मडक्यावर झाकण होती. म्हातारी म्हणाली, “घेऊन जा, पण दुसरं झाकण द्या आधी.” आम्ही मलकापूरहून ताटली आणून दिली. नदीकाठच्या टरबुजाच्या वाडीत पाखरं हाकायला पाच रेकॉर्डी दोरीनं टांगलेल्या होत्या. त्यातल्या एकीवर भिंग धरून हा माणूस मटकन रेतीत बसला. वाडीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुमच्या पाव्हण्याले ऊन लागलं वाटते. टरबूज फोडू का?”

खरी अडचण उन्हाचीच होती. आमच्याकडच्या वैशाखात त्या रेकॉर्डी पापडासारख्या वाकतात. म्हणून त्या ओल्या पोत्यात गुंडाळून न्यायच्या. पोतं फार ओलं झालं तर लेबल सुटून यायचं, कमी ओलं झालं तर रेकॉर्ड वाकायची. माझा विषय तर्कशास्त्र होता. त्याचा उपयोग मला या पोत्याशिवाय दुसरीकडं फारसा झाला नाही.

शेवटी मी त्याला मामाकडं नेलं. मंगलाष्टकांच्या रेकॉर्डीवर त्यानं भिंग धरलं. शेवटचा आकडा एक. “वाजवा,” तो म्हणाला. मामानं वाजवली. खोकला आला तसे त्यानं डोळे मिटून घेतले. “पुन्हा.” असं अकरा वेळा. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “काऊन बे, ह्याले रेकॉर्ड पाह्यजे का दवा?”

त्या माणसानं सांगितलं की हा खोकला तो चार वर्षं शोधत होता. कंपनीनं ही रेकॉर्ड काही दिवसांतच परत घेतली, गवयाला पुन्हा गायला लावलं. दोन आकड्याची रेकॉर्ड त्याच्या पेटीत होतीच, कोरीकरकरीत. ती आणि वर सुयांचे दहा डबे, या बदल्यात त्याला ही हवी होती.

मामा तयार नव्हता. समजूत मी घातली, हे मान्य केलं पाहिजे. मी म्हणालो, “मामा, हे अशुद्ध आहे. गवयाचा घसा बसला होता. कंपनीनं चूक सुधारली, आपण अजून जुनीच वाजवतो. लोक हसतील.”

“आजवर त कोनी हसलं नाई.”

“शिकलेलं कुणी ऐकलं नाही म्हणून.”

मामानं माझ्याकडं पाहिलं. “तू बी.ए. हाय बाबू. तुले समजत असन.”

हे घडलं सोमवारी. शुक्रवारी माझ्या बहिणीचं लग्न होतं.

बहिणीचं दोन ठिकाणी जमता जमता राहिलं होतं. हे तिसरं स्थळ वरवट बकालकडचं, भल्या घरचं. मुलाचे वडील तापट पण सरळ, आणि मुलगा तिला आवडला होता, हे तिनं आईला न सांगता मला सांगितलं होतं. मुहूर्त सकाळी दहा-चाळीसचा. मामा अंतरपाटाला उभा राहणार, म्हणून फोनोवर मी बसलो. नवी सुई, नवी रेकॉर्ड. पहिली बाजू झाली, उलटली, दुसरी लावली. आवाज असा स्वच्छ की मी मान ताठ करून सगळीकडं पाहत होतो.

शेवटचं अष्टक आलं. खोकल्याची जागा आली आणि गेली. मग आमच्या गावानं आयुष्यात पहिल्यांदा शेवटचं ‘सावधान’ ऐकलं. मग नुसती खरखर.

अंतरपाट तसाच. दोन्ही मामा मख्ख. लोकांच्या मुठीत अक्षता तशाच. डफडंवाला टिपरू उगारून माझ्याकडं बघत होता. मी हातानं खूण केली की झालं, सोडा. कुणी हललं नाही.

नवरदेवाचे वडील पुढं आले. “खोकला कुठी गेला?”

“काका, ही नवी रेकॉर्ड आहे. तीत खोकला नाही. शुद्ध आहे.”

“शुद्ध?” त्यांनी फेट्याला हात लावला. “आमच्या थोरल्याच्या लग्नाले तुमचा मामा हाच भोंगा यष्टीच्या टपावर टाकून आला होता. थोरल्याचं लगन खोकल्यावर लागलं. मंग धाकट्यानं काय पाप केलं? त्याले बिनखोकल्याचं काऊन?”

मागून त्यांच्याकडचा कुणी व्याह्याकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं, बघत ओरडला, “खोकल्यात काटकसर केली इवायानं!”

हशा झाला आणि प्रकरण मानापानावर गेलं. मानापानावर गेलेलं प्रकरण तर्कशास्त्रानं परत येत नाही. महाराज मधे पडले. “अहो, शास्त्रात खोकला सांगितलेला...” एवढं बोलले आणि त्यांनाच ढास लागली. अर्ध्या मांडवानं अक्षता टाकल्या, आमच्या मामाचा हात सुटता सुटता राहिला.

“थांबा!” नवरदेवाचे वडील गरजले. “हा नाई! हा महाराजाचा हाय. त्याईले दमा हाय.”

मग मी माइक घेतला आणि स्वतः खोकलो. सगळी पोरं खोकायला लागली. “हा बी.ए.चा खोकला,” ते म्हणाले. “आमाले रेकॉर्डचा पाह्यजे. खोकला नाई त लगन नाई. गाड्या जुंपा रे!”

माझ्या वडिलांनी माझ्याकडं फक्त पाहिलं. मला कॉलेजात घालताना ज्यांनी गावाशी वाद घातला होता, त्यांनी तसं पाहिलं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

मी ओरडलो, “रेकॉर्ड आणतो! मलकापूरला आहे. तीन तास द्या.”

मुहूर्ताचं काय, असा प्रश्न निघाला. महाराजांनी दम घेत घेत निवाडा दिला: अंतरपाट मुहूर्तावर धरलेला आहे. तो खाली आला नाही तोवर मुहूर्त चालू आहे. तेव्हा अंतरपाट खाली येता कामा नये. दोन्ही मामांनी एकमेकांकडं असं पाहिलं की ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी सायकल काढली. अंतरपाटामागून बहिणीचा बारीक आवाज आला, “दादा, लौकर जाय ना. उपाशी हाय मी सकाळपासून.”

लॉजवर तो माणूस पेटी आवरत होता. दुपारच्या गाडीनं निघणार होता. रेकॉर्ड स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळून पेटीत मधोमध ठेवली होती. मी सगळं सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, “खोकल्यावाचून लग्न अडलंय?” मग तो खाटेवर बसला. मला वाटलं हसेल. पण त्याचा चेहरा देवळात बसल्यासारखा झाला. “म्हणजे मीच एकटा नव्हतो,” तो म्हणाला. मग सावरून बोलला, “रेकॉर्ड एकटी जाणार नाही. मी येतो. एकदा वाजवायची आणि परत माझ्या हातात.”

तो कॅरिअरवर बसला, ओल्या पोत्यातली रेकॉर्ड पोटाशी धरून. अर्ध्या वाटेत चाक पंक्चर झालं. लिंबाखाली आम्ही थांबलो. त्यानं पोतं उघडून पाहिलं. लेबलाचा कोपरा सुटायला लागला होता. म्हणून त्यानं रेकॉर्ड बाहेर काढली, सावलीतल्या दगडावर सदरा अंथरून ठेवली आणि मला पंक्चर काढायला मदत करू लागला. ट्यूब चिकटायला वेळ लागला. आम्ही दोघं ट्यूबकडं बघत राहिलो आणि सावली सरकली.

रेकॉर्डीचा एक कान वर आला होता. वीस वर्षं याच धंद्यात काढलेला माणूस, त्यानं ती दोन्ही तळव्यांखाली घेतली आणि हळूच दाबली. टक्. दोन तुकडे.

लिंबावर एक होला घुमत होता. मुंबई, खुर्ची, याद्या, सगळं माझ्या डोळ्यांसमोर त्या दगडावर पडलं होतं, पण खरं सांगतो, मला बहिणीचाच आवाज ऐकू येत होता. मी चाक बसवलं. तो म्हणाला, “आता जाऊन काय करणार?”

“उभी आहे ती,” मी म्हणालो. “निदान जाऊन सांगायला पाहिजे.”

तो खोकला. मला वाटलं धुळीनं. मग तो पुन्हा खोकला. आधी बारीक खरखर, मग ‘खक्’, शेवटी किंचित वर गेलेला. तोच. त्या खोकल्याची जगातली, निदान आमच्या माहितीतली, शेवटची प्रत त्या माणसाच्या घशात होती.

मांडवात पोचलो तेव्हा दोन्ही मामा ज्वारीच्या पोत्यांवर बसले होते, कोपरांखाली उश्या, अंतरपाट वर. डफडंवाला आडवा झाला होता. पोरं अंतरपाटाखालून ये-जा करत होती. नवरदेव आणि नवरी पाटांवर उभेच. “आणली?” नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं. मी पोतं दाखवलं. पोत्यात तुकडे होते, पण पोतं दाखवलं एवढं खरं.

फोनोमागं गोणपाटाचा आडोसा होता. तो माणूस माइक घेऊन त्यामागं बसला. माइकवर त्यानं आपला रुमाल ओला करून गुंडाळला. आवाज जुना येण्यासाठी. मी नवीच रेकॉर्ड पुन्हा लावली, दुसरी बाजू. शेवटचं अष्टक आलं. जागा आली.

खर्रर्र. खक्.

अंतरपाट पडला. अक्षतांचा मारा झाला, डफडंवाला झोपेतून उठला तो वाजवतच. नवरदेवाचे वडील दोन्ही हात वर करून ओरडले, “हा! हाच! याले म्हनते लगन!”

आडोशामागं तो माणूस रुमालानं डोळे पुसत होता. ओल्याच रुमालानं. अस्सल-नकली एका नजरेत ओळखणारा माणूस, आणि आयुष्यातला त्याचा एकमेव नकली माल असा बिनबोभाट खपला होता. मग तो पंगतीला बसला. पोळी, वांग्याची भाजी, बुंदी पोटभर जेवला. संध्याकाळी मी त्याला स्टेशनावर सोडलं. तुकडे त्यानं बरोबर नेले. याद्या लिहायचं त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही.

परत येऊन मामाला खरं सांगितलं. मामा हात शेकत बसला होता. दुसरा हात पुढं केला. मग म्हणाला, “ह्या सालचे अजून बारा लगन हायेत. तुले येते का तसं खोकलता?”

“मामा, मी बी.ए. आहे.”

“मंग लौकर शिकशीन.”

शिकलो. मुंबईच्या त्या माणसाला तसं कळवलंही. महिन्याभरानं मुंबईहून एक कार्ड आलं. मला वाटलं नोकरीचं. त्यावर एवढंच होतं: “शेवटी आवाज किंचित वर जाऊ द्या. घाई करू नका.” तेवढं एकच पत्र. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात मी आडोशामागं बसून किती जोडपी लावून दिली, त्याचा मला आता आकडा सांगता येणार नाही. कुठल्याही मांडवातून तक्रार आली नाही. मग शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि वर्गात पोरांना शुद्ध बोला, शुद्ध लिहा असं सांगू लागलो.

माझं लग्न ठरलं तेव्हा अडचण उभी राहिली. मामा अंतरपाटाला, फोनोवर बहिणीचा नवरा, त्याला यातलं काही माहीत नाही. आणि खोकणारा मी, मुंडावळ्या बांधून अंतरपाटामागं. शेवटचं अष्टक आलं. मामानं अंतरपाटावरून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, हार तोंडाशी धरला आणि खोकलो. खर्रर्र. खक्. शेवटी किंचित वर.

भोंग्यातून नाही, नवरदेवाच्या घशातून. सगळ्या मांडवाला ऐकू आलं असणार. तरी अंतरपाट पडला, अक्षता पडल्या, डफडं वाजलं. कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्या बहिणीचे सासरेसुद्धा अक्षता टाकून मोकळे झाले.

पंगत उठल्यावर मी बहिणीला विचारलं, “कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?”

ती ताटं उचलत होती. “सगळ्याईले माहीत हाय दादा. पयल्या उन्हाळ्यापासून माहीत हाय, तूच खोकलते म्हनून.”

“आणि तुझ्या लग्नातला?”

“तो मुंबईवाला होता. गोनपाटाखालून त्याचा पायजमा दिसून राह्यला होता.” तिनं ताटं एकावर एक ठेवली. “माह्या सासऱ्याईलेबी दिसला होता.”

“मग बोलले काऊन नाही?”

“अडीच वाजले होते,” बहीण म्हणाली. “त्याईलेबी भूक लागली होती.”